बाईंच्या गाडीतला बिघाड

रूपेशने बॉनेट उघडलं, तेव्हा सुनंदाबाई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. त्याने मुद्दामच मान वर केली नाही.

"पाच-सात किलोमीटर झाले की काटा वर जातो," बाई म्हणाल्या. "परवा कर्जतहून येताना वाटेत अर्धा तास उभी करावी लागली. म्हटलं, तुलाच बोलवावं. गाडी तूच दिलीस ना."

"हा, बाई."

बाई हे सहज म्हणाल्या होत्या. तरी रूपेशची कानशिलं तापली.

आठ महिन्यांपूर्वी ही वीस वर्षं जुनी पांढरी गाडी त्याच्या खालापूरच्या घरासमोर विकायला उभी होती. तिचं हेड गॅस्केट गेलेलं होतं. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमध्ये पातळ पत्रा असतो. तो जळला की रेडिएटरमधलं पाणी आत झिरपतं आणि इंजिन तापतं. हे काम मोठं. रूपेशने ते केलं नाही. रेडिएटरमध्ये गळती बुजवायची पूड टाकली. काही महिने तरी त्यावर निघतात.

मग एक दिवस गिऱ्हाईक म्हणून बाईच समोर येऊन उभ्या राहिल्या. दहावीच्या वर्षी त्याच्या पायाला प्लास्टर होतं, तेव्हा याच बाई महिनाभर त्याच्या घरी येऊन गणित शिकवून गेल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी गाडी चालवूनही पाहिली नाही. "तू सांगतोस ना, मग झालं," एवढंच म्हणाल्या.

तेव्हा सांगता आलं असतं. तो गप्प राहिला. संध्याकाळी त्याची बायको सुप्रिया पोळ्या लाटताना एवढंच बोलली होती, "बाईंना पण?"

रूपेशने रेडिएटरचं झाकण काढलं. "बाई, जरा चालू करा."

बाई आत बसल्या. इंजिन चालू झालं आणि पाण्यातून बुडबुडे वर येऊ लागले, एकामागून एक. ते येणार हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने ऑइलचं झाकण फिरवून काढलं. आतल्या बाजूला चहाच्या सायीसारखा फेस जमला होता. ऑइलमध्ये पाणी गेलं होतं. आता आणखी तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तो वायरी हलवत राहिला. पाइप दाबून पाहिले.

बाईंनी गाडी फार जपली होती. धुऊन पुसून लख्ख केलेली, सीटला नवीन कव्हर, पायाखाली नवीन मॅट. ते पाहून त्याला आणखीच मेल्यासारखं झालं.

"पाइप फुगलाय का रे?" बाईंनी इंजिन बंद करून विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. पाइप बदलायचा, पाणी भरायचं आणि निघायचं.

"बघतो," तो म्हणाला.

बाईंनी चहा आणला. तो पायरीवर बसून प्यायला. पिशवीत नवीन गॅस्केट होतं. सगळं कबूल करून टाकायचं, असं तो खालापूरहून ठरवूनच निघाला होता. बाईंच्या गावात, कळंबमध्ये शिरेपर्यंत धीर टिकला होता.

"बाई, हेड उघडायला लागल. दोन दिवस जातील."

"दोन दिवस नकोत रे. आज काय होईल तेवढं कर."

"आज नुसती मलमपट्टी व्हईल."

"पाच-सात किलोमीटर फिरवली तर काटा वर जाणार नाही, एवढं होईल?"

"तुमी एवढंच फिरवता?"

"एवढंच पुरे आहे."

बाई आपल्याला त्रास नको म्हणून गरजच कमी करून सांगताहेत, असं त्याला वाटलं. त्याने कप खाली ठेवला. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्याला कळलं.

"बाई, गाडी तुमाला दिली तेव्हाच तिचं गॅस्केट गेलेलं होतं. मला ठावं होतं. मी पूड टाकून दाबून ठेवलं. तुमी इचारलं असतं तरी मी खोटंच बोललो असतो."

समोरच्या रस्त्याने एक टेंपो गेला.

"तुला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"हा."

"आणि आठ महिने मला पत्ता लागला नाही."

"हा, बाई. मला शिव्या द्या, काय पण करा. आठ महिने तुमच्या रस्त्यानं यायची हिंमत नाय झाली. मी गॅस्केट घेऊनच आलोय. दोन दिवस इथंच बसतो. गाडी नव्यासारखी करून देतो, पैसा नको."

बाहीने डोळे पुसून तो उठला. पाना घेतला आणि इंजिनावर वाकला. पहिला बोल्ट घट्ट होता. त्याने जोर लावला, तोच बाई पायरी उतरून जवळ आल्या. त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. वर्गात अवघड गणित समजावताना बोलायच्या, तशाच शांत आवाजात त्या बोलल्या.

"उघडू नकोस. मागच्या वेळी केलंस तेवढंच परत कर. चार वाजता शेलूहून एकजण गाडी बघायला येतोय. तुझ्यासारखाच, माझ्या वर्गातला आहे. मी सांगितलं की तो फार विचारणार नाही."