छताचं माप

सुताराने सामान वाहायचा एक छोटा बंद ट्रेलर विकत घेतला आणि दोन महिने खपून त्याचं फिरतं घर केलं. पलंग झाला, फळ्या झाल्या, मधोमध शेगडीचा ओटा झाला. त्याला स्वतःला आत ऐसपैस उभं राहता येत होतं. बायको आपल्यापेक्षा वीतभर उंच आहे, हे मात्र ती आत येऊन डोकं आपटल्यावरच त्याच्या लक्षात आलं.

"गिऱ्हाइकाच्या दाराचं सुतासुताने माप घेता," ती कपाळ चोळत म्हणाली, "आणि बायकोचं तीस वर्षांत एकदा घेतलं नाहीत."

ओशाळून त्याने ओट्यापुढचं छत कापलं आणि तिथे घुमटासारखी वर उचललेली काचेची खिडकी बसवली. तिच्याखाली बायको ताठ उभी राहिली, वर चार बोटं जागा उरली. तो कौतुकाची वाट बघत होता.

"छान झालंय," ती म्हणाली. "पण अख्ख्या घरात मला सरळ उभं राहता येईल अशी एकच जागा, आणि तीही नेमकी शेगडीपुढे?"

दुसऱ्या दिवशी दार लावून आत त्याची ठोकाठोक चालली होती. संध्याकाळी त्याने तिला हाक मारली. शेगडी, ओटा, भांड्यांची फळी, सगळं पार मागच्या कोपऱ्यात गेलं होतं.

"अहो, तिथे वाकून मी स्वयंपाक कसा करणार?"

"तिथे मी मावतो," तो म्हणाला. "तू काचेखाली उभी राहा आणि मीठ किती घालायचं तेवढं सांग."