तेवढंच
दर महिन्याला बर्लिनहून एक पोरगी आमच्या लोखंडाच्या ओतशाळेत फोन करते. अशा शेकडो कारखान्यांच्या उत्तरांवरून म्हणे युरोपच्या उद्योगधंद्यांची तब्येत कळते. आमची भट्टी थंड पडून तिसरा महिना होता. “फ्राऊ ओटरबाख, मागच्या महिन्यापेक्षा ऑर्डरी जास्त, कमी की तेवढ्याच?” तेव्हा शून्य, आताही शून्य. पण परक्या पोरीपुढे रडगाणं गाणारी मी नव्हे. “तेवढ्याच!” मी ठणकावलं. “आणि कामगार?” “तेवढेच.” “छान!” म्हणाली मेली. आठवड्याने रेडिओवर बाई खुशीत सांगत होती, घसरण थांबली, युरोप सावरतोय. आमच्यासारख्या किती थंड भट्ट्या ‘तेवढंच’ म्हणाल्या असतील, देव जाणे. दुसऱ्या दिवशी फाटकात घरी बसवलेला ओतारी फोल्कमार उभा. अंगात कामावरचा निळा डगला, इस्त्री केलेला. “मालकीणबाई, बातमी ऐकली. पेटवू ना भट्टी?” त्या पोरीपासून लपवलेलं शून्य मला त्याच्या तोंडावर सांगावं लागलं.