आजोबांच्या जिवावर

"आजोबा चालतात हे तपासणीच्या बाईंसमोर बोलायचं नाही," ठमीची वेणी घालता घालता शिंप्याच्या बायकोने पुन्हा बजावलं. "विचारलंच तर काय सांगशील?"

"झोपून असतात."

"शहाणी गं माझी बाय."

ठमी शहाणीच होती. अनाथालयातून या घरात आल्यापासून तिने कशाचा म्हणून हट्ट केला नव्हता. खोड एकच. म्हाताऱ्याला जरासुद्धा आवाज सोसत नाही, असं सांगून तिला आतल्या खोलीत जायची सक्त मनाई केली होती. शिंप्याची बायको स्वतः ताट आत न्यायची आणि रिकामं बाहेर आणायची. तरी ठमी अधूनमधून काहीबाही सांगत यायचीच. आज आजोबा खिडकीपाशी उभे होते. आज त्यांनी मला टाका घालायला शिकवलं. त्यांच्या पायांना नेहमी माती का असते? हे असलं कानावर आलं की शिंप्याची बायको पांढरीफटक पडायची आणि पोरीला कुठल्यातरी कामाला लावायची.

बिचारीचं घाबरणं काही खोटं नव्हतं. शिंप्याची कमाई ती काय! तयार कपड्यांच्या जमान्यात शिवून घेतंय कोण? तेवढ्यावर त्यांना कुणी मूल दत्तक दिलंच नसतं. दिलं ते म्हाताऱ्याच्या जिवावर. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची सेवा घरीच करते म्हणून सुनेला सरकारी भत्ता यायचा. तो धरला की घरचं उत्पन्न दत्तकाच्या अटीला कसंबसं टेकत होतं. भत्ता गेला की ठमीही गेली, आली तशी परत. पण आजची तपासणी शेवटची होती. आज बाईंनी शेरा मारला की ठमी कायमची त्यांची, मग पुढे भत्ता राहो नाहीतर जावो. दोघांनी लग्नानंतर इतकी वर्षं मुलासाठी काढली होती, आणि आता रात्री कूस बदलताना पोरगी बायकोचा पदर मुठीत धरून झोपायची. तिला परत पाठवायचं हा विचारही शिंप्याला सोसत नव्हता.

तपासनीस बाई आल्या त्या जिन्याला शिव्या देतच. स्वभावाने मोकळ्या होत्या. पाणी प्यायल्या, ठमीच्या वह्या चाळल्या, तिची गादी दाबून पाहिली, शाळेतल्या मैत्रिणींची चौकशी केली. घरात माणूस वाढलं की सगळ्यांची नव्याने मोजदाद करावी लागते, त्यात तुमच्यावर संशय वगैरे काही नाही, असंही म्हणाल्या. ठमीच्या नावाचा भत्ता वेगळा सुरू होईल, त्याने आजोबांच्या भत्त्याला धक्का लागायचा नाही, हे त्यांनी दोनदा समजावलं. शिंपी नुसता मान हलवत होता. मग बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि उठल्या.

"आता आजोबांना बघते."

आत्ताच डोळा लागलाय त्यांचा, असं शिंपी म्हणाला. बाई हसल्या नाहीत.

"शेजारून तक्रार आलीय. म्हातारे खिडकीत उभे दिसतात म्हणे. हिंडते-फिरते असतील तर मला भत्ता बंद करावा लागेल. आणि मग या मुलीचंही काही माझ्या हातात राहणार नाही."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. कोणाच्या डोळ्यांत खुपतंय आमचं, असं त्याची बायको पुटपुटली खरी, पण तिचं तिलाच ते पटलेलं दिसलं नाही. ठमी शिलाई मशीनपाशी उभी होती. तिने हळूच आतल्या खोलीकडे पाहिलं.

बाईंनी स्वतःच दार लोटलं. पडदा ओढलेला, औषधांचा वास, खाटेवर डोक्यावरून गोधडी. उंबऱ्यातूनच त्यांनी विचारलं, "आजोबा, बरं आहे ना?" त्या आत पाऊल टाकणार, इतक्यात गोधडीखाली कुणीतरी खोकलं. जुना, खोलवरचा खोकला. बराच वेळ चालला.

"उठवत नाही हो, बाई," बारीक आवाज आला. "सुनेने खूप केलं माझं. पोरीला नेऊ नका."

बाई जागीच थांबल्या. त्यांनी दार अलगद ओढून घेतलं, खुर्चीवर बसल्या आणि शेरा लिहून खाली सही केली. शिंप्याची बायको चौकटीला धरून उभी होती, घामाने डबडबलेली. सुटकेच्या आनंदाने असं होतं माणसाचं, असं बाईंना वाटलं. अशी सून आजकाल शोधून सापडायची नाही, असं म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, ठमीचा गालगुच्चा घेतला आणि जिना उतरून गेल्या.

दाराला कडी लावून शिंप्याची बायको मटकन खाली बसली.

"तुम्ही काढलात ना तो आवाज?"

"मी? मी तुझ्या शेजारी उभा होतो." शिंपी आतल्या दाराकडे बघत म्हणाला. "मला वाटलं तूच."

मग शिंपी उठला, आत गेला आणि त्याने गोधडी ओढली. सकाळी त्याने स्वतः मांडलेल्या दोन उशा आणि चिंध्यांचं गाठोडं होतं तसंच होतं.

ठमी त्याच्या मागून आली. तिने त्याचं बोट धरलं.

"बाबा, आजोबा विचारतायत, आता माझं पक्कं झालं, तर त्यांना परसातल्या खड्ड्यातून काढून नीट स्मशानात पोचवाल का?"