पारूच्या गाईची बादली

"ती बादली सोडून काय पायजे ते घे," कमळ म्हणाली.

दिशाने हात मागे घेतला. बादलीत दुधीची सालं, कोथिंबिरीची देठं आणि सकाळची उरलेली भाकरी होती. तिच्या खताच्या ड्रमला हवा असलेला सगळा ऐवज. पण तो पारूच्या गाईचा होता, आणि शेणव्याच्या या घरात पारूच्या गाईपुढे कुणाचं काही चालत नसे.

लग्न होऊन दिशा कल्याणहून आली ती नव्या सवयींचं गाठोडं घेऊनच. सासूने, कमळने, एकेक सवय मुकाट मान्य केली. प्लास्टिकच्या पिशव्या गेल्या, जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या पिशव्या आल्या. तांदूळ धुतलेलं पाणी अळवाला घालायचं, हेही ठरलं. ते आधीपासून अळवालाच जात होतं. भातसा धरणाचं पाणी मुंबईला पाठवणाऱ्या तालुक्यात हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पण दिशाने शिकवलं आणि कमळने शिकून घेतलं. तशी गोड बाई होती ती.

फक्त ओल्या कचऱ्यावरचा हक्क तिने सोडला नाही. दिशाचा ड्रम परसात रिकामा उभा होता आणि प्रणय, तिचा नवरा, त्यावर टॉवेल वाळत घालत होता. हे दिशाच्या मनाला फार लागायचं. घर सासूचं, शेत सासऱ्यांचं. या घरात तिचा म्हणावा असा तेवढा एक ड्रम होता. त्यातल्या खतावर तिला स्वतःच्या हाताने वांगी लावायची होती.

"अर्धी बादली गाईला, अर्धी मला," तिने एकदा म्हणून पाहिलं.

"गाय अर्धपोटी ठेवतात का गो?"

विषय तिथेच संपला.

दुपारचं ऊन कललं की पारू यायची, पलीकडच्या पाड्यावरून. नवरा मागेच गेला होता, मुलगा सुनिल भिवंडीच्या गोदामात कामाला होता. तरुणपणी ती आणि कमळ एकमेकींच्या शेतात भाताच्या आवणीला, रोपं लावायला, जायच्या. अंगणात पाय टाकल्या टाकल्या पारू म्हणायची, "बादली दे, जाते. गाय खोळंबलीय."

"चा तरी घे. गाय कशी हाय?"

"तिला काय धाड भरलीय? खाते नि झोपते."

मग चहा व्हायचा, सुनिलच्या तक्रारी व्हायच्या, गुडघे व्हायचे. ऊन उतरायचं. गाय बिचारी खोळंबलेलीच. आठवड्यातून एकदा पारू पाटीभर शेण घेऊन यायची, अंगण सारवायला. फुकट घेणं आणि कामाशिवाय कुणाच्या दारात जाणं, या दोन गोष्टी तिने जन्मात केल्या नव्हत्या.

एका रविवारी कमळ आणि सासरे महादू मुरबाडला भाचीच्या साखरपुड्याला गेले. प्रणय मित्रांबरोबर बाहेर होता. आणि नेमकी त्या दिवशी पारू आली नाही.

बादली भरलेली, ड्रम रिकामा, घरात कुणी नाही. दिशाने ड्रमचं झाकण उघडलंसुद्धा. मग तिला मुक्या जनावराची दया आली. स्वतःवरच चिडत तिने बादली उचलली आणि पाड्याची वाट धरली.

पारू दारात पाय पसरून बसली होती. पायाला हळद लावून फडकं बांधलेलं.

"अगो, तू कशाला आलीस? ठेव तिथंच बादली!"

"पाय मुरगळलाय ना? बसा मावशी, मी घालते गाईला."

"नको, नको..." पारू उठायला गेली, पण तिला उठता येईना.

दिशा घरामागे गेली. गोठ्यात लाकडं रचलेली होती. खुंट्यावर कारल्याचा वेल चढला होता. बाजूला एक खड्डा होता. वर ओळखीची दुधीची सालं आणि खाली काळंभोर, भुसभुशीत खत. दिशाला हवं होतं अगदी तसं.

ती परत आली तेव्हा पारूने मान खाली घातली होती.

"मावशी, गाय?"

"गेली. मागच्या आवणीत."

"मग ते शेण?"

"डोंगराला गुरं जातात ना, त्यांच्या वाटेवरनं भरते." पारूने पदर तोंडाला लावला. "कमळला सांगू नको गो. गाय नाय, तर मी कंच्या कामाला जाऊ तिच्या दारात? घडीभर बोलायला मला तेवढं एकच घर हाय. शपथ घे."

दिशाने शपथ घेतली. परतताना तिने मनातल्या मनात ड्रमवर पाणी सोडलं. प्रणयने वाळवावेत हवे तेवढे टॉवेल.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले.

"पारू आलती का गो?" कमळने विचारलं.

"नाही, त्यांचा पाय मुरगळलाय. मीच बादली देऊन आले."

भात वाढणारा कमळचा हात थांबला. "गाय बघितलीस?"

"बघितली ना. सालं दिसल्यावर कशी हंबरली!"

"मारायला नाय ना आली? नव्या माणसावर जाते ती."

"छे, उलट हात चाटला माझा." दिशाला खोटं बोलायची सवय नव्हती, पण एकदा सुरुवात झाल्यावर जमत गेलं. "थोडं दूधही देते म्हणे अजून."

महादूंना ठसका लागला. पाणी पिऊन ते ताटाकडे बघत राहिले.

कमळने सुनेकडे पाहिलं आणि तिच्या भातावर तुपाची आणखी एक धार सोडली.

"शपथ कोणाची घातली तुला? माझीच ना?"

दिशाने भातात तूप कालवायला घेतलं.

"ह्यांनाबी माझीच घातली होती," कमळ म्हणाली, "गाय पुरायला गेलते तवा."