सासूबाईंचं एरोबिक्स

सासूबाई रोज तासभर टीव्हीपुढे गुंतल्या, तर शर्वाणीला घरून शांतपणे मीटिंग करता येणार होती. म्हणून जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या फ्लॅटमध्ये तिनेच त्यांना ऐंशीच्या दशकातले एरोबिक्सचे व्हिडिओ लावून दिले. कपाळाला पट्टी बांधून उड्या मारणाऱ्या बायका सासूबाईंना भलत्याच आवडल्या.

आठवड्याभरात खालच्या फ्राऊ केसलर तक्रार करायला वर आल्या. त्यांचं छत हादरत होतं. सासूबाईंना जर्मन येत नाही, पण दारात आलेल्या बाईला आत घ्यायचं, एवढं येतं. त्यांनी तिला हाताला धरून टीव्हीपुढे उभं केलं.

आता दोघी मिळून उड्या मारतात. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी शर्वाणीच्या खोलीत डोकावून सांगितलं, "अगं, जरा हळू बोल. यांचा ताल चुकतोय."

"गेनाऊ," मागून फ्राऊ केसलर म्हणाल्या. म्हणजे, अगदी बरोबर.

शर्वाणी हल्ली मीटिंग खाली, गाडीत बसून करते.