दारातला माणूस

"दाब आता," बाबा म्हणाले. "हळू! कार्ड आहे ते, कुलूप नाही."

मुलीने टीव्हीला जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरच्या खाचेत, चित्राला रंग देणारं कार्ड बसवलं. त्याचे पितळी दात बाबांनी सकाळभर खोडरबराने घासले होते. डोळ्यांना आता उजेड-अंधाराशिवाय काही कळत नव्हतं, पण बोटं अजून मेकॅनिकचीच होती.

आयुष्यभर त्यांनी लोकांचे टीव्ही दुरुस्त केले. हे कार्ड मात्र आई असेपर्यंत कधी चाललंच नाही. "जगाचे टीव्ही रंगीत केले आणि घरचा कॉम्प्युटर काळा-पांढरा," आई टोमणा मारायची. तरी तिने याच मशीनवर, पुस्तकातले रंगांचे आकडे एकेक टाकत एक चित्र काढलं होतं. एक घर, आणि दारात उभा माणूस. कुठे कोणता रंग भरला, ते तिने कुणालाही सांगितलं नाही. "कार्ड चालवा, मग कळेल."

आता ती नव्हती. बाबांना तेवढं एकच जाणून घ्यायचं होतं.

मुलगी दर रविवारी यायची. आज शेजारच्या काकूंनी तिला जिन्यातच अडवलं होतं. "तुझी आई गेल्यावर डबा तसाच परत जायचा गं. दाढी नाही, अंघोळ नाही. ते यंत्र माळ्यावरून काढलं, तेव्हा कुठे माणसात आले. आणि रविवारी तर काय, नवरदेव!"

खरंच, दाढी गुळगुळीत केलेली होती. आईने विणलेला पिवळा स्वेटर, कोपरावर विरलेला, अंगात होता.

तिने आईचं चित्र साठवलेली कॅसेट लावली. बराच वेळ चिरका आवाज येत राहिला, मग थांबला. चित्र उमटलं.

"आला का रंग?"

ती पडद्याकडे बघत राहिली.

"नाही हो, बाबा."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही."

बाबांचे खांदे पडले. पण क्षणभरच. मग त्यांनी टेबल चाचपून खोडरबर शोधलं.

"हट्टी आहे. तुझ्या आईवर गेलंय." ते हसले. "पण मी सोडतोय थोडाच! या आठवड्यात चिपांचे पाय साफ करतो. तू येशील ना रविवारी?"

"येईन की. पण तोवर रोजचा डबा संपवायचा. उपाशीपोटी हात थरथरतात तुमचे."

"बरं बाई, संपवतो. चहा टाकू?"

"टाका. साखर मी घालीन. तुमचा हात फार सैल आहे."

भिंतीला हात लावत, काहीतरी गुणगुणत ते स्वयंपाकघरात गेले.

ती टीव्ही बंद करायला वाकली, आणि बटणावर बोट ठेवून तशीच थांबली. छप्पर तांबडं होतं, दार निळं, आणि गेल्या कित्येक रविवारांसारखाच आजही दारातल्या माणसाच्या अंगात पिवळा स्वेटर होता.