सातवं नाव

नवा पेपर ज्या संशोधन-जर्नलला पाठवायचा होता, त्याचा नियम होता: संदर्भयादीत लेखकांची पहिली सहाच नावं, पुढे ‘आणि इतर’. खांबेटे सर एकेक संदर्भ बसवत आपल्याच जुन्या पेपरपाशी आले आणि थबकले. त्यात सातवं नाव त्यांची विद्यार्थिनी उज्ज्वला गेडाम हिचं होतं.

बेडकांची सगळी निरीक्षणं पावसाळाभर चिखलात उभं राहून तिनेच घेतली होती. पण विभागप्रमुखांचं नाव वर घालायला सरांनीच तिला शेवटी सरकवलं. “पुढच्या पेपरात तू पहिली,” असा शब्दही दिला. तोवर ती राहिलीच नाही, तापाने गेली.

सकाळीच तिच्या वडिलांचा फोन आला होता.

“सर, नव्या पेपरात पोरीचं नाव येईन ना जी?”

“येणार तर!”

नव्या पेपरात तिचं नाव होतं ते या एका संदर्भातच. सरांनी ते पुसलं. दुसऱ्यांदा त्यांनीच तिला सरकवलं. या वेळी यादीबाहेर.